कापशीची हनुवटी

टेबलावर कुत्री होती आणि तिच्या मालकाला तिचा आवाज काढून हवा होता.

"काढून म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे भुंकणं बंद, डॉक्टरसाहेब. ऑपरेशन असतंय म्हणे. पुण्याला करतेत. भाच्यानं नेटवर बघितलं."

असं ऑपरेशन आहे. त्याला डीबार्किंग म्हणतात. गळ्यातल्या ज्या पट्ट्या थरथरल्या की आवाज निघतो, त्या स्वररज्जूंचा काही भाग कापून टाकतात. कुत्रं त्यानंतरही भुंकतं. तोंड उघडतं, छाती हलते, मान वर जाते. फक्त बाहेर पडतो तो जुन्या खोकल्यासारखा घोगरा फुसका आवाज. मी ते कधी केलं नव्हतं. तसं मी शिवराजला सांगितलं.

शिवराजचं लातूरला किराण्याचं दुकान होतं आणि दुकानामागे तीन मजली इमारत. त्या काळात लातूरला दर दुसऱ्या गल्लीत कोचिंग क्लास निघत होता. ज्याच्या घरात एक खोली रिकामी असेल तो बाहेरगावच्या मुलांना ठेवून घेत होता. शिवराजने अख्खी इमारतच मुलींच्या होस्टेलला दिली होती. कंधार, बिलोली, देगलूर, मुरूड, कुठून कुठून मुली आल्या होत्या. सगळ्यांना डॉक्टर व्हायचं होतं. माणसांचं.

"बिलोलीचा एक पालक हाय, रोज फोन करतो," शिवराज म्हणाला. "म्हणतो, पोरगी तुमच्याकडं अभ्यासाला ठेवली का कुत्र्याची भुंक ऐकायला? रविवारी येणार हाय. त्यानं पोरगी नेली की तिच्यामागं अजून चार जातेत."

"मग कुत्री दुसरीकडे ठेवा."

"मुरूडला चुलतभावाचं शेत हाय, तो ठेवून घेतो म्हणला. पण आई जाऊ देत न्हाई. म्हणती, तिला नेलं तर मी बी जाते."

"आईंना ऑपरेशनचं सांगितलंय?"

शिवराजने भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे पाहिलं. "दातं दाखवायला नेतो म्हणून आणलंय."

कुत्रीचं नाव कापशी. वेचणीला आलेल्या कापसासारखी पांढरी, टोकदार तोंडाची, पाठीवर शेपटी वळलेली. आपल्याकडे या कुत्र्याला सगळे पामेरियन म्हणतात. मराठवाड्यात एके काळी शिक्षक, बँकेतले लोक, दुकानदार यांच्या घरी कुत्रं असलं तर बहुधा हेच असे. त्यातली बहुतेक पामेरियन नसून स्पिट्झ असतात. दोघांचं कूळ एकच. पामेरियन हे त्याचं युरोपात लहान करत आणलेलं रूप, आणि आपला स्पिट्झ हा इथल्या उन्हात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेला त्याचा चुलतभाऊ, अंगाने जरा मोठा.

हे कूळ उत्तरेकडच्या बर्फाच्या मुलखातलं. त्याचे पूर्वज घसरगाड्या ओढत, रेनडिअरचे कळप वळवत, रात्री माणसांच्या अंगाला अंग लावून झोपत आणि कुणी आलं की सांगत. पुढे युरोपातल्या राजघराण्यांना ते आवडलं आणि ते मांडीवर मावेल एवढं लहान केलं गेलं. इंग्रज अधिकाऱ्यांच्या बायका ते हिंदुस्थानात घेऊन आल्या. मराठवाड्यात ते कुठून आलं, हे कुणी लिहून ठेवलेलं मला सापडलं नाही. माझा अंदाज असा की सिकंदराबादच्या छावणीतून रेल्वेने आलं. जुन्या नांदेडकरांना त्याबद्दल विचारलं की फिरून फिरून रेल्वेतल्या माणसांचंच नाव निघतं.

अंगावर याला दोन थर असतात. वर लांब, राठ केस आणि आत लोकरीसारखी दाट लव. लोकांना वाटतं, एवढी लोकर म्हणजे उन्हाळ्यात हाल. मे महिन्यात दर वर्षी कुणी ना कुणी मशीन फिरवून गुळगुळीत केलेलं कुत्रं घेऊन येतं आणि वर विचारतं, हा आता जास्तच का धापा टाकतो? तो थर थंडी जशी अडवतो तसं ऊनही अडवतो. बर्फासाठी तयार झालेली वस्तू लातूरच्या मे महिन्यात चालते, याचं मला इतक्या वर्षांनंतरही नवल वाटतं.

स्वभाव सांगायचा तर हे कुत्रं चावण्यासाठी ठेवत नाहीत. त्याचं काम खबर देण्याचं. घरातलं एक माणूस ते आपलं मानतं आणि जगात जे काही घडेल ते त्या माणसाला कळवतं. माणसाने ऐकलं की गप्प बसतं. काम नसलं की बिघडतं. त्यामुळे स्पिट्झचा आवाज काढणं म्हणजे नुसती शांतता करणं होत नाही. त्याची नोकरी जाते.

हे सगळं मी शिवराजला थोडक्यात सांगितलं. तो म्हणाला, "खरं हाय साहेब. पण रविवार काय थांबत न्हाई."

मी कापशीला तपासलं. वय झालं होतं. दात वयाच्या मानाने बरे. हृदयात हलकी फुसफुस, म्हणजे झडप नीट मिटत नसल्याची खूण. लहान जातीत उतारवयात ती सापडते, आणि अशा कुत्र्याला भूल देणं हा जुगार असतो. डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात. मग सवयीप्रमाणे मी तिच्या मागे गेलो आणि किल्ल्यांचा जुडगा वाजवला. कुत्र्याचे कान या आवाजाला आधी वळतात, मग मान वळते. कापशीचे कान हलले नाहीत. पुन्हा वाजवला. दुसऱ्या कानाशी वाजवला. शीळ घातली. ती समोरच्या खिडकीकडे बघत रबराच्या मॅटवर उभी होती. तिने जांभई दिली.

"ही भुंकते कशाकशाला?" मी विचारलं.

"कशाला बी. गेट वाजलं की भुंक. पोरी जिन्यावरनं पळाल्या की भुंक. पाण्याची मोटर चालू झाली की तर लईच."

"मोटर कुठे आहे?"

"बिल्डिंगच्या मागं. तिचा आवाज आपल्याला पुढं अंगणात येत बी न्हाई, साहेब. पण हिला कळतंय. लई तिखट कान हैत."

"कधीपासून असं?"

"दिवाळीपासून. त्याच्या आधी पाहुणा आला तरच भुंकायची. आता म्हातारी झाली, चिडचिड वाढली. दुसरं काय?"

मी जुडगा खिशात ठेवला. माझ्यासमोर जी कुत्री होती तिला कानाशी वाजवलेल्या किल्ल्या ऐकू येत नव्हत्या, आणि माणसांना ऐकू न येणारी मोटर ऐकू येत होती. दोन्हींपैकी एक चूक होतं, किंवा मला काहीतरी कळत नव्हतं.

"उद्या दुपारी घरी येतो," मी म्हणालो. "ऑपरेशनचं त्यानंतर ठरवू. आईंना काय सांगायचं ते तुम्ही बघा. मी मात्र दातांचं सांगणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. दुकानाच्या बाजूने आत गेलं की लांबट अंगण, उजवीकडे होस्टेलची इमारत, आणि डावीकडे भिंतीला टेकून पत्र्याचं एक शेड. शेडमध्ये लोखंडी खाट, पाण्याचा माठ, देवाचा कोनाडा. खाटेवर शिवराजच्या आई बसल्या होत्या. गळ्यात चांदीची लिंगाची डबी, कपाळावर भस्म, हातात वेताची काठी. घरात आणि होस्टेलमध्ये सगळे त्यांना अव्वा म्हणत. कापशी खाटेखाली पुढचे पाय पसरून पडली होती. हनुवटी फरशीवर टेकलेली.

"दातं बगायला डॉक्टर घरी येतेत व्हय?" अव्वा मला म्हणाल्या आणि मुलाकडे वळल्या. "याचं तोंडच सांगून राहिलंय. बोल की रे. दुकानात गिऱ्हाइकापुढं तर लई चालतंय तोंड."

शिवराजने सांगितलं. अर्धं सांगितलं, अर्धं मला सांगावं लागलं. अव्वा ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "माझी बी जीभ काढ की. मी बी लई बोलते. त्या बिलोलीवाल्याला म्हणावं, दोन्ही आवाज बंद केले, आता पोरगी पास होती का बघ."

"अव्वा, तसं न्हाई…"

"तसंच हाय."

शिवराज दुकानात गिऱ्हाईक आल्याचं सांगून निघून गेला. गिऱ्हाईक नव्हतं.

अव्वांनी मला स्टूल दिलं आणि न विचारता सांगायला लागल्या. भूकंपाच्या आधी त्या औसा तालुक्यातल्या एका गावात राहत होत्या. नवऱ्याचं छोटं दुकान होतं. नवऱ्याने नांदेडच्या एका रेल्वे गार्डच्या घरून पिल्लू आणलं, टोपलीत घालून, एसटीने. ती पहिली कापशी. आत्ताची कापशी तिच्या मुलीची मुलगी. या घरात कुत्री बदलली तरी नाव बदलत नाही.

"गणपतीच्या विसर्जनाचा दिस होता," अव्वा म्हणाल्या. "ढोल-ताशाला कापशी भ्याली. मिरवणूक संपली तरी तिचं भुंकणं थांबंना. शेजारीण दारात येऊन म्हणली, तुझ्या कुत्रीचा गळा आवळ, न्हाई तर मी येऊन आवळते. मग मी तिला घेऊन खळ्यावर गेले. तिथंच तिच्याजवळ डोळा लागला."

"आणि घर?"

"माळवदाचं होतं."

माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचे थर देऊन केलेलं जाड छत. उन्हाळ्यात गार राहतं. दर पावसाळ्याआधी त्यावर नवी माती पडते, त्यामुळे वर्षागणिक जड होत जातं. त्या पहाटे किल्लारीच्या आजूबाजूला माणसं मेली ती बहुतेक या वजनाखाली.

"मालक आत होते," त्या म्हणाल्या. "शेजारीण बी आतच होती."

प्राण्यांना भूकंप आधी कळतो का, असं मला लोक नेहमी विचारतात. मला माहीत नाही. अव्वांच्या हकिकतीतही तसा काही पुरावा नाही. कुत्री ढोलाला घाबरली होती, म्हणून बाई उघड्यावर झोपली. एवढंच घडलं होतं. पण जे बाकीच्यांना नको होतं त्या भुंकण्याने एक बाई जिवंत राहिली होती, आणि तेव्हापासून ती वजनदार छताखाली झोपली नव्हती. शिवराजने इमारत बांधली तेव्हा इंजिनिअरला आणून समजावलं, भूकंपातही हिला काही होत नाही. अव्वा म्हणाल्या, तूच नीज तिच्यात. त्या पत्र्याखाली झोपत, आणि तेही कापशी खाटेखाली असली तरच. काही झालं तर ती उठवील, या हिशोबाने.

आता माझी अडचण दुहेरी झाली. जिच्या कानांच्या भरवशावर ही बाई झोपत होती, ते कान गेले आहेत असा मला संशय होता.

तेवढ्यात जिन्यावरून एक मुलगी उतरली. हातात रिकामी बादली. अव्वांनी ओळख करून दिली, ही श्रद्धा, कंधारची.

"सर, कापशीला काही करू नका हं," ती म्हणाली. बातमी वरपर्यंत पोचलेली दिसली.

"तुम्हाला तिचा त्रास होतो ना?"

"होतो की. फिजिक्स काढलं की नेमकी भुंकते. पण सर, ती भुंकली की समजायचं, लाइट आली, मोटर चालू झाली. आम्ही लगेच बादल्या लावतो. शेजारच्या होस्टेलच्या पोरींना पत्ता लागत नाही, त्यांना तसंच क्लासला जावं लागतं."

"मग तक्रार कोण करतं?"

"आम्हीच. बादली भरून झाली की."

लातूरला तेव्हा लोडशेडिंग होतं, आणि पाण्याचं तर सांगायलाच नको. वीज आली की दुकानातलं कुणीतरी सवड मिळेल तेव्हा मागे जाऊन मोटर लावायचं, हौदातलं पाणी वरच्या टाकीत चढवायचं आणि नळाला काही वेळच पाणी मिळायचं. आता वीज नव्हती. मी थांबायचं ठरवलं. श्रद्धाला सांगितलं, वीज आली की मागे जाऊन मोटर तूच लाव, पण इथे कुणाला हाक मारू नको.

थांबलो असताना मी अंगण पाहिलं. सगळीकडे शहाबादी फरशी होती. नवी, सांध्यांतलं सिमेंट अजून उजळ. गेटपासून जिन्यापर्यंत, जिन्यापासून शेडच्या आतपर्यंत आणि कडेने इमारतीच्या मागे.

"ही कधी घातली?"

"दिवाळीला," अव्वा म्हणाल्या. "पोरींचे आईबाप येतेत, चिखल दिसतो म्हणून. मला न्हाई आवडली. पाय गार पडतेत. आधी सारवलेलं होतं, ते बरं होतं."

दिवाळी. मी उठून इमारतीच्या मागे गेलो. मोटर सिमेंटच्या ओट्यावर बोल्टने आवळलेली होती आणि फरशी थेट त्या ओट्याला भिडलेली होती.

परत आलो तेव्हा अव्वा पितळीत दूध-भाकरी कुस्करत होत्या. पितळी खाली ठेवून त्यांनी काठीचं टोक फरशीवर दोनदा आपटलं. कापशी खाटेखालून बाहेर आली.

"अव्वा, तिला नावाने हाक मारा ना एकदा."

"आता तर आली की."

"खाऊन पाठमोरी झाली की मारा."

कापशी खाऊन वळली. अव्वांनी हाक मारली. मोठ्याने मारली. दुकानातून शिवराजने डोकावून पाहिलं. कापशी अंगणाकडे बघत उभी राहिली, मग आपल्या जागी जाऊन पडली आणि हनुवटी फरशीला लावली.

वीज आली. मला ते वरच्या खोल्यांतले पंखे फिरायला लागल्यावर कळलं. श्रद्धा मागे गेली. मी कान देऊन बसलो होतो. रस्त्यावरच्या रिक्षा, कुठल्यातरी क्लासच्या माईकवरून येणारा मास्तरांचा आवाज, पंखे. मोटर मला ऐकू आली नाही. कापशीच्या मिशा थरथरल्या. तिने डोकं उचललं नाही. आधी हनुवटी तशीच दाबून ठेवली, जणू खात्री करून घेत होती, आणि मग उठून थेट अव्वांच्या तोंडाकडे बघत भुंकायला लागली. वरच्या तिन्ही मजल्यांवर बादल्यांचा खडखडाट झाला.

मी फरशीवर गुडघे टेकले आणि तळहात ठेवला. काही जाणवलं नाही. मग पालथा पडून गाल टेकवला. माझ्या वयाच्या आणि पेशाच्या माणसाला हे करताना बघून शिवराज दुकान सोडून बाहेर आला. फार बारीक, मुंगी चालल्यासारखी थरथर फरशीत होती.

"अव्वा, एखादी वाकळ द्या," मी म्हणालो.

वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांची गोधडी. ती घड्या घालून कापशीच्या जागी अंथरली आणि तिला त्यावर झोपवलं. मोटर बंद करायला लावली. काही वेळाने पुन्हा लावायला सांगितली. कापशी झोपून राहिली. गेट आपटायला सांगितलं. झोपूनच. श्रद्धाने आणि तिच्या मैत्रिणीने जिन्यावरून मुद्दाम धावत ये-जा केली. कापशीने कूस बदलली. मग मी वाकळ काढली. हनुवटी दगडाला लागली, मिशा हलल्या आणि तिने अव्वांना मोटरची खबर दिली.

मी जनावरांच्या दवाखान्यात आयुष्य घालवलंय. पण असं काही त्या दुपारपर्यंत पाहिलं नव्हतं. कान गेल्यावर या जीवाने कुणाला न सांगता दुसरं इंद्रिय कामाला लावलं होतं. पूर्वी जमीन मातीची होती, माती थरथर गिळून टाकते. दिवाळीला दगड आला, एकसंध, गेटपासून मोटरपर्यंत. एका बहिऱ्या कुत्रीच्या हनुवटीखाली आम्ही अख्ख्या इमारतीची बातमी आणून ठेवली होती, आणि ती प्रामाणिकपणे प्रत्येक बातमी पोचवत होती. चिडचिडीचा संबंधच नव्हता. तिचं काम वाढलं होतं.

तिचे पूर्वज बर्फावर हनुवटी टेकून झोपत असतील, आणि खाली बर्फ तडकायला लागला की त्यांना तो असाच कळत असेल, असं माझ्या मनात आलं. याला पुरावा नाही. मनात आलं म्हणून लिहितो.

आता अव्वांना सांगायचं होतं. शिवराज हळूच मला म्हणाला, "साहेब, कानाचं नका सांगू. झोपायची न्हाई ती." त्याचं चूक नव्हतं. पण न सांगता वाकळीचं कारण कसं देणार?

"अव्वा, कापशीला ऐकू येत नाही," मी म्हणालो. "बरेच दिवस झाले असावेत. तुम्ही हाक मारायच्या ऐवजी काठी आपटायला कधी लागलात?"

त्यांनी हातातल्या काठीकडे पाहिलं.

"म्या कुठं ठरवलं?" त्या म्हणाल्या. "हाक मारली की येईना. एकदा काठी पडली हातातून, तर पळत आली. मग आपटायला लागले. का आपटते हे मनातच आलं न्हाई बगा." मग म्हणाल्या, "म्हंजे हीच मला शिकवून राहिली होती."

"हो."

"अन् मला वाटायचं, मी हिला सांभाळते."

शिवराज आईकडे बघत होता. मीही. अव्वा वाकून कापशीच्या कानांमागे खाजवायला लागल्या.

"भ्याल्यासारखं कामून बघताय माझ्याकडं?" त्या म्हणाल्या. "त्या दिशी मी खळ्यावर होते. आवाज मागनं आला. आधी पाठीखालची जमीन हलली. भूकंपाला कान कशाला लागतेत? हिला जमीन कळती का, ते सांगा."

"जमीन तिला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली कळते."

"मग झालं."

उपाय मी असा सांगितला. ऑपरेशन नाही. शेडमधली आणि शेडच्या पुढची थोडी फरशी उचकटायची. खाली मुरूम आणि माती चोपून शेणाने सारवायचं, पूर्वीसारखं. कापशी तिथे झोपेल. गेट, जिना, मोटर यांची बातमी तिच्यापर्यंत पोचणार नाही. आणि कुणी तिच्याजवळ जाताना मागून जायचं नाही, समोरून जायचं. बहिरं कुत्रं दचकलं की चावू शकतं.

"नवी फरशी उचकटायची?" शिवराज म्हणाला. "गवंडी हसंल मला."

"हसू दे," अव्वा म्हणाल्या. "माझा गळा आवळण्यापरीस बरं."

रविवारी शिवराजने मलाही बोलावून घेतलं. डॉक्टरने सांगितलं की लोक ऐकतात, असा त्याचा समज होता. शेडमध्ये ओलसर सारवणाचा वास होता. बिलोलीचे पालक आले. उंच, पांढरे कपडे, आवाज रोजच्या फोनवरच्या तक्रारींना शोभेल एवढा मोठा. ते शेडमधल्या खुर्चीत बसले आणि त्यांनी पाणीही न पिता सुरुवात केली. अभ्यासाचं वातावरण, मुलीचं वर्ष, त्यांनी टाकलेला विश्वास. शिवराज हात जोडून ऐकत होता. मी मध्ये काही बोलायची वेळ आली नाही.

"अन् कुठाय ते कुत्रं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"तुमच्या खुर्चीखाली," अव्वा म्हणाल्या.

त्यांनी पाय वर घेतले. त्या हालचालीने कापशीला जाग आली. ती बाहेर येऊन त्यांच्यासमोर उभी राहिली, बुटांचा वास घेतला, अव्वांकडे बघून दोनदा भुंकली आणि परत जाऊन मातीवर पडली.

"एवढंच?"

"एवढंच. नवं माणूस आलं की सांगती. आता तुम्ही जुने झाले."

पालक पाणी प्यायले. मुलगी राहिली.

पुढच्या आठवड्यात शिवराज पुन्हा दवाखान्यात आला. या वेळी कुत्री बरोबर नव्हती. तक्रार होती, आणि ती मुलींची होती. कापशी भुंकत नव्हती, त्यामुळे मोटर कधी लागते ते कळत नव्हतं. दोन दिवस सगळ्या होस्टेलची अंघोळ चुकली होती. फरशी परत घालता येईल का, असं मुली विचारत होत्या.

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? अव्वा म्हणली, थांबा. तिचं ती बघंल."

तिने बघितलं. काही दिवसांनी मी त्या बाजूने जाताना आत डोकावलो. दुपारची वेळ होती, वीज नव्हती. कापशी सारवलेल्या जागेवरून उठली, शेडच्या कडेपर्यंत आली आणि तिथे, जिथे माती संपून दगड सुरू होतो, तिथे तिने हनुवटी टेकवली. अंग मातीवर, हनुवटी फरशीवर. पंखे फिरायला लागले. मागे मोटर लागली असावी, ती भुंकली. वर बादल्या वाजल्या. मग ती उठून आपल्या जागी जाऊन झोपली. गेट वाजलं, तिने दखल घेतली नाही. अव्वांनी सांगितलं, रोज असंच करते. रात्री मात्र ती आत खाटेजवळ, अंगाची वळकटी करून झोपते. अव्वा हात खाली सोडून तिच्या पाठीवर ठेवतात आणि झोपतात.

त्यानंतर कापशी आणखी काही उन्हाळे जगली. श्रद्धाला मेडिकलला प्रवेश मिळाला. तिच्याशी बोलणं होतं तेव्हा ती पाण्याची आठवण काढते, फिजिक्सची काढत नाही.

कुत्र्याचा आवाज बंद करायला आलेल्या प्रत्येकाला मी तेव्हापासून पहिला प्रश्न विचारतो, घरात फरशी नवी घातली का? बहुतेक घरांत कारण दुसरंच निघतं. तरी विचारतो.